पांढरी चारमधली आठ गाणी

या, जरा पुढे सरका. चहा हातात असू दे, पाय पसरले तरी चालतील, पण जवळ बसा, कारण आजचं आख्यान मला मोठ्यानं सांगायचं नाही. मोठ्यानं सांगण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. तुमच्या गावात गणपती विसर्जनाला निघाला असेल, तुमच्या मांडवात कुणाला हळद लागली असेल, तर माझा आवाज तुमच्या कानांवर येऊन गेलेला आहे, आणि तेव्हा तुम्ही नाचत होतात म्हणून तो नीट ऐकलेला नाही. त्याबद्दल तक्रार नाही. नाचण्यासाठीच ती गाणी होती. मी किशोरी, मसुऱ्याकडची, कीर्तनकाराची मुलगी. आज जी गोष्ट सांगते तिच्यात राजा नाही, राक्षस नाही, शापही नाही. एक पेटी आहे, एक तबला आहे, आणि एक माणूस आहे, ज्याच्यासाठी मी आठ प्रेमाची गाणी केली आणि ज्याला ती ऐकू जातात की नाही हे मला कळत नव्हतं. पांडुरंगानं बुद्धी दिली तशी सांगते.

सुरुवात एका शिट्टीपासून झाली. कणकवलीला मैदानात कार्यक्रम होता, संध्याकाळचे साडेसात, गाणं ऐन भरात, पोरं खांद्यावर पोरं घेऊन नाचत होती आणि अचानक स्पीकरनं शिट्टी मारली. माइक स्पीकरच्या फार जवळ गेला की मारतो तशी, पण लांब, धारदार, सुरीनं काच ओरबाडावी तशी. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात घेतले, एका बाळानं भोकाड पसरलं, माझ्या दातांच्या मुळांपर्यंत कळ गेली. मी लांब मिक्सरकडे बघितलं. तिथे ओमकार उभा होता. माझा नवरा, आणि पहिल्या दिवसापासून माझा साउंडवाला. त्यानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. सगळं झकास. त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं कान दाबून वाकलेली, आणि मध्ये तो सरळ, हसरा, मिक्सरवरच्या आवाजाबरोबर हलणाऱ्या दिव्यांकडे बघत. मी हातातला माइक बाजूला घेतला, शिट्टी थांबली, गाणं पुढे गेलं, कडवं चुकलं नाही, उडीही चुकली नाही. पण त्या उडीत माझे पाय जमिनीला लागले तेव्हा मी दुसऱ्याच घरात उतरले होते. त्या घरात कुकरच्या पाच शिट्ट्या होऊनही तो शेजारी पेपर वाचत बसलेला होता. मागून हाक मारली की वळत नव्हता, समोरून मारली की ओठांकडे बघत होता. फोनवर बोलायला मला पुढे करत होता. हे सगळं मी बघितलेलं होतं, आणि त्याचा अर्थ मी केव्हाच लावून टाकला होता: लग्नाला इतकी वर्षं झाली, पुरुषमाणूस, आता ऐकतो कोण बायकोचं. मी मनातल्या मनात रुसून बसले होते. चांगली दोन-तीन वर्षं रुसून बसले होते, आणि ज्याच्यावर रुसले त्याला ते ऐकूच येत नव्हतं.

त्याला विचारण्याची हिंमत झाली नाही. साउंडवाल्याला ‘तुला ऐकू येत नाही का’ असं विचारणं म्हणजे सुताराला ‘तुझे हात गेले का’ विचारणं. मी एकटीच कणकवलीला गेले, कान तपासणाऱ्या तन्वीकडे. ती माझ्या गाण्यांवर नाचत वाढलेली मुलगी, आधी फोटो काढून घेतला, मग ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘ताई, इतकी वर्षं भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर उभं राहिल्यावर वरचे आवाज आधी जातात. बारीक आवाज, शिट्ट्या, पाखरं. मग स, श, फ. शब्दांच्या कडा जातात, मधला गाभा राहतो.’’ मग तिनं कॉम्प्युटरवर माझंच एक गाणं लावलं आणि त्यातून वरचं वरचं कापत गेली. ‘‘अंदाजानं सांगते हं, पण त्यांना साधारण असं पोचत असेल.’’ मी ऐकलं. धप धप धप धप. ठेका तेवढा उरला होता. त्याच्या मागे कुणीतरी उशीत तोंड खुपसून ओरडावं तसं काहीतरी होतं. ती मी होते. ज्या गाण्यानं मला घर दिलं, गाडी दिली, त्या गाण्यात त्या माणसापुरती मी कुठेच नव्हते. आणि तो ठेका वाढवायला कुणी लावला होता? मीच. स्टेजवरून हात वर करून करून. वाढव, अजून वाढव, मागची पोरं नाचत नाहीत. त्यानं वाढवला होता. एकदाही नाही म्हणाला नव्हता.

त्या दिवशी परतीच्या एसटीत खिडकीला डोकं लावून बसले आणि बाबांचं कीर्तन आठवत राहिले. माझं बालपण बाबांच्या पाठीमागे उभं राहून झांज धरण्यात गेलं. पूर्वरंगात ते गर्जत, गजर आभाळाला नेत, मग मध्यंतरात बुक्का लागे, गळ्यात हार पडे, आणि उत्तररंगात स्वयंवराचं आख्यान लागलं की एका जागी ते आवाज खाली आणत. इतका खाली की मागच्या बायका कानावरचा पदर मागे सारून पुढे झुकत. नवरीनं मनातलं बोलायचं असे ती जागा. लहानपणी मला वाटे बाबा दमले. नंतर वाटे युक्ती आहे. एसटीत पहिल्यांदा वाटलं की नाही, तिथे वर जाणं शक्यच नव्हतं. एका माणसानं एका माणसाला सांगायचं ते तेवढ्याच उंचीवर सांगता येतं. मी जन्मभर पेटीच्या काळी पाच पट्टीत गायले, उंच, टोकदार, लोक म्हणत किशोरीचा आवाज पत्रा फाडतो. घरी आल्यावर पेटी काढली आणि पट्टी खाली आणत आणत पांढरी चारवर थांबले. तिथे माझा आवाज मला ओळखू येईना. जाड, ओलसर, थोडा थरथरणारा, बायकोचा आवाज. म्हटलं, हा त्याच्यापर्यंत जाईल.

मग शब्द. स नको, श नको, फ नको. आता तुम्हीच सांगा, मराठीत प्रेमाचं गाणं लिहायचं आणि सखा नाही, साजण नाही, स्पर्श नाही, श्वास नाही, स्वप्न तर नाहीच! पहिले आठ दिवस नुसते कागद फाडले. नंतर हळूहळू कळायला लागलं की त्या शब्दांच्या आडोशाला मी काहीच बोलत नव्हते. ते गेल्यावर उरलं ते आमच्या घरातलं उरलं: वाळू, माड, ओली वाट, मीठ, दार. ‘लाट येता, लाट जाता, वाळयेर माझा मन ऱ्हवता.’ म, ल, व, आणि लांब आ. ओठ बघून नाही, छातीनं ऐकावी अशी गाणी. आठ झाली. मुंबईच्या कंपनीतला मुलगा म्हणाला, ‘‘ताई, लव्ह साँग्ज चालतील, पण खाली मऊसा ड्रम तर घालू या, नाहीतर लोक म्हणतील मशीन बिघडलं.’’ घातला. ओमकार स्टुडिओत कानाला हेडफोन लावून बसला, दिवे बघत. आठही गाण्यांवर एकच म्हणाला, ‘‘झकास.’’ एकोणीस वर्षं हेच म्हणत आला होता. ऐकून म्हणाला, की दिवे बघून? संग्रह बाहेर पडला, लोकांनी फोन केले, कुणी रडल्याचं सांगितलं, आणि मला एकाही शब्दाचं सुख होईना. हजारो लोकांनी उघडलेलं पत्र, आणि ज्याच्या नावानं लिहिलं त्याला पोचलं की नाही, ठाऊक नाही. म्हणून ठरवलं, एकदा समोरासमोर गायचं. उघड्यावर, दिवसाउजेडी, त्याचे हात आणि तोंड दिसतील असं. आणि बाबा जिथे उभे राहत तिथेच, आमच्या वाडीतल्या विठ्ठलाच्या देवळापुढे, सप्ताह उतरतो त्या संध्याकाळी.

देवळाचे कारभारी भिकाजीकाका. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘‘गो किशोरी, देवापुढे प्रेमाची गाणी म्हणतलंस? म्हणजे आता इठोबाक पण हळदीक नेतलंस?’’

‘‘काकानू, बाबा हंयच उभे ऱ्हवान स्वयंवर लावीत, तेव्हा पयल्या रांगेत डोळे पुशीत कोण बसलेलो असायचो?’’

‘‘ता वेगळा.’’

‘‘काय वेगळा?’’

‘‘ता बुवा सांगी.’’ मग स्वतःच हसले. ‘‘बरा, म्हण. पण कोण नाचलो तर जबाबदारी तुझी.’’

तबल्याला मी दाजींना बोलावलं. दाजी बाबांचे तबलजी, चौऱ्याहत्तर वर्षांचे, खारेपाटणला राहतात. फोनवर तीनदा सांगितलं होतं, दाजीनू, पांढरी चार. ते आले, तबला गादीवर ठेवला, हातोडीनं गठ्ठे ठोकले, आणि पहिली थाप पडली तेव्हाच मला कळलं. काळी पाच. लहान तोंडाचा तबला, माझ्या नेहमीच्या पट्टीचा. ‘‘दाजीनू, मोठो तबलो खंय?’’

‘‘घराक.’’ दाजी शांत. ‘‘ऐक चेडवा. माका ऐकाक गेला नाय असा नाय. पण पांढरी चार ही तुझी पट्टी न्हय. तू इतक्या खाली गायलंस तर लोका काय म्हणतली? आवाज बसलो. बुवांच्या चेडवाचो आवाज बसलो! मी जिवंत आसय तोपर्यंत ह्या कोणाक बोलूक देवचंय नाय. तू वर गा. मी आसय.’’

ती चूक दुसऱ्या कुणी केली नसती. जो माझी पट्टी माझ्याहून आधीपासून जपत आला त्यानंच ती केली, आणि माझी अब्रू राखायला म्हणून केली. काळी पाचचा तबला पांढरी चारवर उतरवला तर वरची कातड्याची पुडी सैल पडते, ओल्या भाकरीवर थाप मारावी तसा आवाज येतो. खारेपाटणला जाऊन यायला तीन तास. समोर पटांगण भरलेलं, अर्धे मसुऱ्याकडचे, अर्धी पोरं कणकवलीहून मोटारसायकलींवरून आलेली, पायांत नाच घेऊनच. मागे, पटांगणाच्या टोकाला, ओमकार वाकून वायरी जोडत होता. त्याच्या डोक्यावरचा विरळ झालेला भाग मला इथून दिसत होता. वर गायले तर दाजींचं मन राहतं, लोक नाचतात, आणि पुन्हा त्याच्याकडे जातो तो फक्त ठेका. खरं कारण सांगितलं तर दाजी पायी खारेपाटणला जातील, पण वीस मिनिटांत साऱ्या पटांगणाला कळेल की ओमकारला ऐकू येत नाही. त्याची लपवलेली गोष्ट मी देवापुढे उघडी करायची? आणि तिसरी वाट अशी, की तबलाच नको. ठेक्याशिवाय. मी. जिचं नाव घेतलं की लोकांना ठेका आठवतो, ती. मी देवाकडे बघितलं. देव कमरेवर हात ठेवून उभा होता, युगानुयुगं ठेक्याशिवाय.

‘‘दाजीनू, आज तबलो नको.’’

दाजींचा चेहरा उतरला. ‘‘म्हणजे मी घराक जाव?’’

‘‘नाय. माझ्या बाजूक बसा. नुसते बसा. तुमी बाजूक आसलास तर माका सम गावतली.’’

पेटी मांडीजवळ ओढली आणि पहिला स्वर धरला. पांढरी चार. पटांगणात आधी गोंधळ तसाच राहिला, लोक वाट बघत होते की हे संपेल आणि गाणं सुरू होईल. मग मागून एक आवाज आला, ‘‘ताई, ठेको खंय गेलो?’’ दुसरा म्हणाला, ‘‘लायट गेली रे तबल्याची!’’ हशा पिकला. मीही हसले असते, पण माझी टाच आपोआप उचलली जात होती, जमिनीवर ठेका शोधत होती, आणि उजवा हात पेटीवरून सुटून वर जाऊ बघत होता, वाढव, वाढव म्हणायला. हाताला म्हटलं, बस. पहिली ओळ संपली आणि तिच्यापुढे नुसती जागा आली. मोकळी. एकोणीस वर्षांत माझ्या दोन ओळींमध्ये कधी जागा नव्हती, तिथे ढोल असे, पोरं असत, पताका असत. आता तिथे माडांचा आवाज होता आणि कुणाच्या तरी खोकल्याचा. मला बाबांचं भय वाटलं नाही, देवाचं वाटलं नाही, त्या जागेचं वाटलं. मग वाटलं, मी तिच्यात एकटी नाही. दाजी शेजारी मांडीवर बोट न हलवता मात्रा मोजत होते, मला त्यांच्या मानेच्या शिरेवरून कळत होतं. दुसरी ओळ घेतली. आणि तेव्हा भिकाजीकाकांनी खांद्यावरचा पंचा काढून जमिनीवर पसरला, आणि बसले. त्यांच्या मागच्या बायका बसल्या. मग एक रांग. मग मोटारसायकलींवरून आलेल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं, एकानं चपला काढून ढुंगणाखाली घेतल्या, बाकीचे त्याच्या मागोमाग. तुम्हाला काय सांगू! माझ्यासमोर माणसं उड्या मारताना बघितली आहेत, चक्कर येऊन पडलेली बघितली आहेत, पोलिसांनी पांगवलेली बघितली आहेत. माझ्यासमोर माणसं कधी बसली नव्हती. पटांगण भाताचं शेत वाऱ्यानं वाकावं तसं खाली बसत गेलं, आणि सगळी बसल्यावर एकच माणूस उभा दिसायला लागला. लांब, मिक्सरमागे.

तो दिव्यांकडे बघत होता. बटणांवर दोन्ही हात, मान खाली, नेहमीसारखा. मिक्सरचे दिवे हलतच नसावेत फारसे, कारण हलायला काही नव्हतं, एक पेटी आणि एक बाई. त्यानं एक बटण चाचपलं, सोडलं. दुसरं चाचपलं. मग मान वर केली. मी तिसऱ्या गाण्यात होते. त्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी एक जागा आहे, तिथे स्वर खर्जाकडे उतरतो, एका दमात, पायरीपायरीनं, आणि अगदी खाली जाऊन मनातलं मनात ठेवावं तसा टेकतो. तिथे काही वाजत नाही, कुणी टाळी देत नाही, दिव्यांवर बघून ती जागा सापडणं शक्यच नाही. मी उतरले. टेकले. आणि त्या क्षणी, पटांगणातल्या कुणाच्याही आधी, लांब मागे एक हात वर गेला, बोटं मिटलेली, डोळे मिटलेले, आणि मान एका बाजूला कलली. दाद. चांगल्या श्रोत्याची, ऐन जागेवरची. मग लोकांची ‘वा’ आली, उशिरा, त्याच्या मागून. मला पुढचं कडवं कसं गायले आठवत नाही. एवढं आठवतं की आवाज कुठेही थरथरला नाही. तो सबंध पटांगणावर पसरला, देवळाच्या कळसाहून वर गेला नाही, आणि जायची गरज नव्हती. आठही गाणी झाली. शेवटी कुणी उठेना. भिकाजीकाका पंच्यानं नाक पुसत म्हणाले, ‘‘बुवा सांगीत तसाच,’’ आणि आमच्या वाडीत ह्याहून मोठा पुरस्कार नाही.

लोक गेल्यावर ओमकार वायरींची वेटोळी खांद्यावर घेऊन आला. मी देवळाच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं आता ‘झकास’ म्हणेल. म्हणाला, ‘‘पेटीचो खालचो मध्यम उतरलो आसा. तिसऱ्या गाण्यात कळला. दुरुस्तीक दी.’’

मी हसायला लागले, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. तो घाबरला. ‘‘काय गो? खरा सांगतंय. पयल्यापास्ना सगळा ऐकाक इला, मगे मध्यम खटकतलोच.’’ आणि बोलून झाल्यावर थांबला. स्वतःचं वाक्य त्यालाच ऐकू आलं असावं. वायरी खाली ठेवून शेजारी बसला. ‘‘तुका कधी कळला?’’

‘‘कणकवलीक. शिट्टी वाजली तेव्हा. आणि तुका?’’

‘‘त्याच्या आधी दोन वर्सां.’’

‘‘सांगूक काय झाला रे?’’

‘‘तू फुडे बघीत होतंस. गाणाऱ्यान मागे बघूचा नसता.’’ मग म्हणाला, ‘‘खाली गायलंस ता माझ्यासाठी?’’ मी मान हलवली. ‘‘आणि दाजीक तबलो नको म्हणालंस ता?’’ पुन्हा हलवली. त्यानं माझी टाच हातात घेतली, नाच नाचून दगड झालेली टाच, आणि नुसती धरून ठेवली. ‘‘सोमवारी माका कणकवलीक घेवन चल. त्या कान बघणाऱ्या चेडवाकडे. बघूया काय सांगता ता.’’

तो तन्वीकडे जाऊन आला, आता कानात यंत्र घालतो, आणि लपवत नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, बायको खालच्या पट्टीत यायला शिकली, पण पाखरं कुठे शिकतायत. दाजी गावोगाव सांगतात की तबला न घेण्याची कल्पना त्यांचीच होती. मी ‘होय’ म्हणते. कंपनीच्या मुलानं आठही गाणी पुन्हा काढली, ह्या वेळी ड्रमशिवाय, आणि तीच आता हळदीला वाजतात, नाच आटोपल्यावर, थकलेली माणसं जेवायला बसतात तेव्हा. मी नाचाची गाणी सोडली नाहीत. देवही नाचतो. पण आता आवाज किती ठेवायचा ते ओमकार ठरवतो, आणि मी हात वर करत नाही.

आता एक मागणं, मग उठा. ह्या आठ गाण्यांच्या कव्हरवर माझं नाव मोठं आहे, दाजींचं आहे, पेटी दुरुस्त करणाऱ्याचंसुद्धा आहे. ओमकारनं स्वतःचं काढायला लावलं. ‘‘आवाज लावणाऱ्याचा नाव कोण वाचता गो?’’ म्हणून कागदावर नाही ते तुमच्यापाशी ठेवते. कुठल्याही मांडवात, कुठल्याही जत्रेत, गाणं मनाला भिडलं तर गाणारीकडे बघून झाल्यावर मान वळवा. गर्दीच्या पार मागे एक माणूस उभा असेल, तुमच्या कानांच्या सुखाची किंमत स्वतःच्या कानांनी मोजणारा. त्याला बघा, आणि आमच्या माणसाची आठवण ठेवा: ओमकार यशवंत मेस्त्री, राहणार गाव कट्टा. देवापुढे हात जोडाल तेव्हा माझं नाव राहिलं तरी चालेल, त्याचं घ्या.